अ‍ॅफ्रोडिसियस: एका रोमन नगराचा उत्तरकाळ (इ.स. २५० ते ६२०)

सेव्हेरस अलेक्झांडर हा रोमचा सम्राट असताना, म्हणजे इ.स. २२२ ते २३५ या काळात, सुल्पिकियस प्रिस्कस नावाच्या प्रॉकॉन्सलने, म्हणजे रोमन प्रांताधिकाऱ्याने, अ‍ॅफ्रोडिसियसच्या नगरसभेला एक पत्र धाडले. आपल्या नगरात येऊन मुक्काम करायला मला आनंदच वाटेल. मात्र नगराचा एखादा कायदा, सीनेटचा ठराव किंवा सम्राटाचे पत्र प्रॉकॉन्सलला तिथे राहण्यास मनाई करत नसेल तरच मी येईन, असा त्याचा आशय होता. साम्राज्यातल्या एका अतिशय श्रीमंत प्रांताचा कारभारी एका मध्यम आकाराच्या नगराशी इतका जपून बोलतो आणि ते नगर त्याचे पत्र दगडावर कोरून ठेवते, यावरून त्या नगराला आपल्या स्वायत्ततेचा केवढा अभिमान होता ते कळते. त्यानंतर जेमतेम एका पिढीत, तिसऱ्या शतकाच्या मध्याला, नगर ज्या भागात होते तो कॅरिया आणि शेजारचा फ्रिजिया यांचा एक वेगळा प्रांत करण्यात आला आणि त्याच्या अधिकाऱ्याचे ठाणे अ‍ॅफ्रोडिसियसमध्येच बसले. पुढे सम्राट डायोक्लीशनच्या फेररचनेत कॅरिया स्वतंत्र प्रांत झाला आणि हे नगर त्याची राजधानी झाले. ज्या अधिकाऱ्याला वेशीवर थांबून परवानगी मागावी लागत होती, तो आता नगराचा कायमचा रहिवासी होता.

रोमन काळातली नगरे प्राचीन युगाच्या उत्तरार्धात कशी बदलली, या प्रश्नावर इतिहासकारांचे दोन तट पडलेले आहेत. एका पक्षाच्या मते तो सरळसरळ ऱ्हास होता. दुसऱ्या पक्षाच्या मते नगरे संपली नाहीत, त्यांचे फक्त रूप पालटले. या लेखात हा वाद बाजूला ठेवून एकाच नगराचा हिशेब मांडला आहे, आणि तो मांडताना दोन साधे प्रश्न समोर ठेवले आहेत: नगरातल्या कामांचा खर्च कोण करत होते, आणि निर्णय कोण घेत होते? या दोन प्रश्नांची उत्तरे बदलत गेली तसतशी इमारतींची दशाही बदलत गेली, असे अ‍ॅफ्रोडिसियसच्या पुराव्यावरून दिसते.

नगर आणि पुरावा

अ‍ॅफ्रोडिसियसचे अवशेष आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य भागात, मेंडेरेस नदीच्या एका उपनदीच्या खोऱ्यात, गेयरे या गावाजवळ आहेत. लोकसंख्येचा अंदाज दहा ते पंधरा हजारांचा आहे, म्हणजे एफेसससारख्या महानगरांपुढे हे नगर लहानच. मात्र नगरापासून अगदी जवळ उत्तम संगमरवराच्या खाणी होत्या आणि त्यांच्या जोरावर इथे शिल्पकारांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या टिकली. इथल्या कारागिरांनी सही केलेली शिल्पे थेट इटलीत सापडली आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वतीने केनान एरिम यांनी १९६१ मध्ये येथे पद्धतशीर उत्खनन सुरू केले. जुने गेयरे गाव अवशेषांच्या माथ्यावरच वसलेले होते. ते हळूहळू बाजूला हलवण्यात आले. एफेसस किंवा अथेन्सचे उत्तरकालीन थर जुन्या काळच्या उत्खननांत घाईने उपसून टाकले गेले. इथे मात्र उशिरा खणल्याचा फायदा झाला. शिवाय तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून सातव्या शतकापर्यंतचे दोनशेहून अधिक शिलालेख एकाच नगरात मिळतात, अशी स्थाने फारच थोडी आहेत.

पूर्वीची व्यवस्था थोडक्यात सांगायला हवी. इ.स.पू. ३९ मध्ये ऑक्टेव्हियन (पुढचा सम्राट ऑगस्टस) आणि सीनेट यांनी नगराला स्वातंत्र्य आणि करमाफी दिली. ऑक्टेव्हियनचा मुक्त केलेला गुलाम गायस ज्युलियस झोइलस हा मूळचा इथलाच. तो गडगंज होऊन परतला आणि नाट्यगृहाचा रंगमंच, अ‍ॅफ्रोडायटी या देवीचे मंदिर यांसारख्या कामांना त्याने पैसा पुरवला. त्यानंतरची अडीचशे वर्षे नगर याच रीतीने वाढत गेले. नगरसभेतली श्रीमंत घराणी एकमेकांशी चढाओढ करत आपापल्या खर्चाने ओवऱ्या, स्नानगृहे, मंदिरे बांधत, आणि मोबदल्यात त्यांना चौकात पुतळा व चौथऱ्यावर स्तुतीचा लेख मिळे. सम्राटांच्या पूजेसाठी उभारलेले सेबास्टेयॉन हे संकुल दोन स्थानिक घराण्यांनी मिळून बांधले. त्याच्या तीनमजली दर्शनी भागांवर सुमारे दोनशे उठावशिल्पे होती. नगराला मिळालेल्या सवलतींची कागदपत्रे नाट्यगृहाच्या एका भिंतीवर ओळीने कोरलेली होती. अशा नगराचा खजिना म्हणजे मुख्यतः या घराण्यांची तिजोरी होती.

तटबंदी

चौथ्या शतकात त्या तिजोरीला गळती लागली. डायोक्लीशननंतर नगराची करमाफी उरली नाही. कराची वसुली पूर्ण करून देण्याची जबाबदारी नगरसभेच्या सभासदांवर आली, आणि ज्यांना शक्य होते त्यांनी सम्राटाच्या नोकरीत शिरून किंवा सीनेटरचा दर्जा मिळवून ती जबाबदारी अंगाबाहेर टाकली. कॉन्स्टंटाइन आणि त्याचे पुत्र यांच्या काळात नगरांच्या मालकीच्या जमिनींचे उत्पन्न शाही खजिन्याकडे वळवण्यात आले. ज्युलियनने ते परत केले, व्हॅलेन्टिनियन आणि व्हॅलेन्स यांनी पुन्हा ताब्यात घेतले आणि अखेरीस एक तृतीयांश भाग नगरांना दुरुस्तीसाठी सोडला. ही धरसोड सगळ्याच नगरांना भोवली. राजधानीच्या नगरांचा एक फायदा मात्र झाला: उरलेला पैसा कुठे खर्चायचा हे ठरवणारा अधिकारी तिथेच राहत होता.

अ‍ॅफ्रोडिसियसची तटबंदी हे या नव्या अर्थकारणाचे पहिले मोठे काम होय. सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची ही भिंत पूर्वी तिसऱ्या शतकातल्या गॉथ टोळ्यांच्या भीतीशी जोडली जात असे. आता ती चौथ्या शतकाच्या मध्याची मानली जाते, जेव्हा या भागावर प्रत्यक्ष संकट नव्हते. तिच्यात वापरलेले चिरे वेशीबाहेरच्या थडग्यांचे आणि जुन्या स्मारकांचे आहेत. लेख कोरलेली शवपेटिकेची फळी, कोण्या पूर्वजाच्या पुतळ्याचा चौथरा, तुळईचा तुकडा, सगळे एकावर एक रचलेले दिसते, आणि तीस हजार प्रेक्षक मावतील असे स्टेडियम तर उत्तरेकडच्या तटात सरळ सामावून घेतलेले आहे. हा पुनर्वापर पाहून घाबरगुंडी उडालेल्या नगराचे चित्र डोळ्यांपुढे येणे सोपे आहे. पण बाहेरची बाजू नीट जुळवून, शिल्पांकित चिरे वेशींच्या आसपास शोभेसाठी लावून केलेले हे काम घाईचे नाही. माझ्या मते याला राजधानीचा थाट म्हणावे, भीतीची खूण म्हणू नये. त्यात एक कटू गोष्ट मात्र दडलेली आहेच: ज्या घराण्यांची ती थडगी होती, त्यांची बाजू घेऊन भांडणारे कोणी नगरात उरले नव्हते, किंवा उरले असले तरी त्यांचे चालत नव्हते.

पुतळे कोणाचे

पुतळा उभारण्याची रीत बहुतेक नगरांत चौथ्या शतकात जवळजवळ बंद पडली; अ‍ॅफ्रोडिसियसमध्ये ती सहाव्या शतकापर्यंत चालू राहिली. फरक पडला तो पुतळ्यांतल्या माणसांत. पूर्वी चौकाचौकांत स्थानिक दाते, त्यांच्या बायका, पुरोहित स्त्रिया, खेळाडू उभे असत. आता बहुसंख्य पुतळे सम्राटांचे आणि प्रांताधिकाऱ्यांचे झाले, आणि स्त्रियांचे पुतळे जवळपास नाहीसेच झाले.

इ.स. ४०० च्या सुमाराचा ओइकुमेनियस नावाच्या अधिकाऱ्याचा पुतळा जवळून पाहण्यासारखा आहे. नागरिकाच्या जुन्या पोशाखाऐवजी त्याच्या अंगावर शाही नोकरशहाचा लांब झगा आहे. चौथऱ्यावरच्या पद्यलेखात तो कायद्यात पारंगत असल्याचे, इटलीच्या विद्येत अ‍ॅटिक (अथेन्सच्या ग्रीक) वाणीचा मध मिसळणारा असल्याचे आणि मनाने व हाताने शुद्ध असल्याचे म्हटले आहे. हाताच्या शुद्धतेचा उल्लेख मुद्दाम करावा लागतो, यावरून इतर अधिकाऱ्यांचे हात कसे असावेत याचा अंदाज बांधायला हरकत नाही. याच पुतळ्याच्या डोक्याच्या माथ्यावर, खालून पाहणाऱ्याला कधीच दिसणार नाहीत अशी, खाय, म्यू, गॅमा ही तीन ग्रीक अक्षरे बारीक कोरलेली आहेत. ख्रिस्त मेरीपोटी जन्मला, या अर्थाचे ते ख्रिस्ती संक्षिप्त रूप मानले जाते. ते कोरणाऱ्या हाताने आपली श्रद्धा अधिकाऱ्याच्या टाळूवर लपवली, आणि वरवर पाहता पुतळा शतकानुशतकांच्या परंपरेतलाच राहिला.

दुसरे उदाहरण नाट्यगृहाच्या पूर्वेकडील चौकातले आहे. अँटोनियस टाटियानस या प्रांताधिकाऱ्याने तो चौक बांधून घेतला आणि जुन्या देवांना पुन्हा प्रतिष्ठा देऊ पाहणाऱ्या सम्राट ज्युलियनचा पुतळा तिथे उभारला. पुढे चौथऱ्यावरचे ज्युलियनचे नाव खोडून तिथे कट्टर ख्रिस्ती थिओडोसियसचे नाव घालण्यात आले. बाकीचा मजकूर तसाच ठेवला. दगड, जागा, स्तुती सगळे जुनेच. बदलले ते एवढे एकच नाव.

मंदिराचे चर्च

धर्मांतराच्या बाबतीत हे नगर अडनिडे होते, कारण नगराचे नावच मुळी देवीवरून पडलेले होते. पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथे जुन्या धर्माची माणसे उघडपणे वावरत होती. अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ अस्क्लेपियोडोटस इथल्या एका प्रतिष्ठित घराण्याचा जावई झाला आणि इथेच राहिला. अँटिऑकचा बिशप सेव्हेरस याचे चरित्र लिहिणारा ख्रिस्ती लेखक झकारियास सांगतो की, मूल होत नाही म्हणून हे जोडपे इजिप्तमध्ये इसिस देवीच्या स्थानाला नवस करायला गेले होते. आणि ४८४ च्या सुमाराला इल्लस या सेनानीने सम्राटाविरुद्ध बंड केले तेव्हा त्याच्या यशासाठी कॅरियात गुप्तपणे बळी दिले गेले. झकारियास विरुद्ध पक्षाचा असल्यामुळे त्याच्या मजकुरातला तिखटपणा वजा करायला हवा. पण सेबास्टेयॉनच्या उत्तरेला सापडलेल्या एका मोठ्या घरातून पिंडार, सॉक्रेटिस, अ‍ॅरिस्टॉटल, पायथागोरस यांची गोल ढालींवर कोरलेली नावांकित मुखचित्रे मिळाली आहेत, आणि अशा घरात अशी मंडळी जमत असणार हे मानायला जागा आहे. ती मुखचित्रे भिंतीवरून काढून मागच्या बोळात फेकून दिलेली आढळली. इतकेच नव्हे, तर यहुदी आणि त्यांच्या देवाला मानणारे बिगरयहुदी अशा शंभराहून अधिक लोकांची, काहींच्या व्यवसायांसह कोरलेली यादी मिळाली आहे आणि ती बहुधा चौथ्या-पाचव्या शतकांतली आहे. तेव्हा ख्रिस्ती विरुद्ध जुने देव एवढ्या दोनच बाजू या नगरात नव्हत्या.

इ.स. ५०० च्या सुमाराला अ‍ॅफ्रोडायटीचे मंदिर चर्च झाले. हे रूपांतर इतक्या कौशल्याचे आहे की त्याचा हिशेब मांडणे भाग आहे. मूळ मंदिराच्या गाभाऱ्याभोवती दर्शनी बाजूंना आठ-आठ आणि लांब बाजूंना तेरा-तेरा, कोपरे एकदाच मोजले तर एकूण ३८ स्तंभ होते. ग्रीक मंदिरात भाविक आत जमत नाहीत; यज्ञवेदी बाहेर, मूर्ती आत, आणि स्तंभांची रांग बाहेरून पाहण्यासाठी. चर्चला नेमके उलटे हवे: भिंती बाहेर, स्तंभ आत, मध्ये जमावाला मोकळी जागा. बांधणाऱ्यांनी गाभारा पाडला आणि त्याच्या चिऱ्यांतून स्तंभांच्या बाहेर नव्या भिंती उभारल्या. पुढच्या आणि मागच्या बाजूचे मधले सहा-सहा स्तंभ उचलून दोन्ही लांब रांगांच्या टोकांना जोडले. प्रत्येक रांग १९ स्तंभांची झाली, एकही स्तंभ वाया गेला नाही आणि एकही नवा घडवावा लागला नाही. पूर्वेला, जिथून मंदिरात शिरत असत, तिथे अर्धवर्तुळाकार वेदीस्थान आले; प्रवेश पश्चिमेकडून सुरू झाला.

हे काम परवडले कसे, याचे उत्तर त्या काटकसरीतच आहे. पहिल्या शतकात एकेक स्तंभ एकेका दात्याने दिला होता आणि त्यांची नावे स्तंभांवर कोरलेली होती. सहाव्या शतकात त्या आकाराचा एक स्तंभ खाणीतून काढून घडवण्याची ऐपत कोणा एका घराण्यात राहिली होती असे दिसत नाही. मात्र टनावारी वजनाचे संगमरवरी स्तंभ सुटे करून, हलवून, पुन्हा अचूक उभे करणारे कारागीर, त्यांना लागणारी दोरखंड-कप्प्यांची यंत्रणा आणि सगळे एकहाती ठरवणारी सत्ता नगरात होती. ऱ्हासवादी आणि रूपांतरवादी या दोघांनाही हा पुरावा अर्धाच उपयोगी पडतो.

सेबास्टेयॉनवर टाकीचे घाव पडले तेही असेच निवडून. यज्ञाची दृश्ये आणि पूजेत असलेल्या देवांच्या आकृती तासून टाकल्या. सम्राटांच्या विजयाची आणि पुराणकथांतल्या वीरांची शिल्पे बहुतेक जागच्या जागी राहू दिली. खालच्या मजल्यांवर दुकाने चालू होती. बिथरलेला जमाव असा फरक करत बसत नाही. कोणते शिल्प चालेल आणि कोणते नाही, हे कोणीतरी समोर उभे राहून ठरवलेले आहे.

अल्बिनसची ओवरी

दक्षिणेकडच्या मोठ्या चौकात सुमारे १७० मीटर लांबीचा तलाव होता आणि अलीकडच्या उत्खननात त्याच्या कडेने झाडे लावण्याचे चर सापडले आहेत. अम्पेलियस नावाच्या पुढाऱ्याने या ‘ताडांच्या जागे’ला शोभा आणली, असे वेशीवरचा पद्यलेख सांगतो. तलावाच्या काठावर लोकांनी सोंगट्यांचे पट आणि नाना रेघोट्या कोरून ठेवल्या आहेत. म्हणजे जागा गजबजलेली होती.

याच चौकाच्या पश्चिमेकडची ओवरी सहाव्या शतकाच्या आरंभी अल्बिनस नावाच्या धनिकाने दुरुस्त केली. तिच्या एकेका स्तंभावर एकेक घोषणा कोरलेली आहे आणि त्या ओळीने वाचल्या की लोकांचा जमाव प्रत्यक्ष ऐकू येतो. आधी सारे जग एका देवाचे, मग सम्राट चिरायू होवोत, मग वरिष्ठ अधिकारी, सीनेट, राजधानी. आणि मग अल्बिनस, ओवरी बांधणारा, त्याचा जयजयकार. एका स्तंभावर म्हटले आहे की सारे नगर एकमुखाने म्हणते, तुझे शत्रू नदीत जावोत, थोर देव एवढे घडवो.

दुसऱ्या शतकातला दानलेख नगरसभेच्या आणि लोकांच्या ठरावाने निघत असे. अल्बिनसच्या स्तंभांवर ठराव नाही, गर्जना आहे. मान देण्याचे काम सभागृहातून चौकात आले, आणि ज्याला शत्रू आहेत असा एक बडा माणूस जमावाच्या आधारावर उभा असलेला दिसतो. कारभार आता बिशप, मोठे जमीनदार आणि ‘नगरपिता’ हा हुद्दा धारण करणारा पुढारी यांच्या हाती होता. तरीही नगराची तिजोरी अगदी रिकामी नव्हती. सम्राट जस्टिनियनच्या एका आदेशावरून कळते की अ‍ॅफ्रोडिसियसने देणग्यांतून साठलेले सोने जमीनदारांना दिले होते आणि त्यांच्याकडून दरवर्षी ठरावीक रक्कम घेतली जात होती. व्याज मुद्दलाच्या दुप्पट झाले की देणे संपते, या नव्या कायद्याचा आधार घेऊन जमीनदारांनी हात वर केले, तेव्हा नगराने सम्राटाकडे दाद मागितली आणि निकाल नगराच्या बाजूने लागला. कर्जबुडव्यांशी कोर्टकचेरी करणारे नगर मरणपंथाला लागलेले नसते. मात्र त्याला न्यायासाठी कॉन्स्टँटिनोपलचे दार ठोठावावे लागले, हेही तितकेच खरे.

शेवट

हे सारे साम्राज्याच्या यंत्रणेवर टेकलेले होते, आणि सातव्या शतकाच्या आरंभी ती यंत्रणाच मोडली. ६०२ ते ६२८ या काळात पर्शियाशी चाललेल्या युद्धाने आशिया मायनर होरपळून निघाले. टेट्रापायलॉन या भव्य प्रवेशद्वारापासून नाट्यगृहाकडे जाणाऱ्या रस्त्याची ओवरी याच सुमारास कोसळली आणि तिचा ढिगारा कोणी उचलला नाही. सम्राट हेराक्लियसच्या सुरुवातीच्या वर्षांनंतर तांब्याची नाणी मिळणे जवळपास थांबते. त्याआधीच्या तीन शतकांत भूकंपांनी कितीतरी पडझड केली होती आणि दर वेळी कोणी ना कोणी अधिकारी किंवा धनिक दुरुस्तीला उभा राहिला होता. या वेळी कोसळलेल्या ओवरीपेक्षा तो माणूस नसणे हे मोठे संकट ठरले.

हा निष्कर्ष सरसकट लावता येत नाही. पॅलेस्टाइनमधले स्किथोपोलिस हेही एका प्रांताच्या राजधानीचे नगर. अरबांच्या विजयानंतर त्याचा तो दर्जा तिबेरियस या नगराकडे गेला, तरी ७३८ च्या सुमारास खलिफा हिशामच्या काळात तिथे नवी बाजारपेठ बांधली गेली आणि नगराचा घात झाला तो ७४९ च्या भूकंपाने. तिथे एका राज्याची जागा दुसऱ्या सुस्थिर राज्याने लगेच घेतली होती. कॅरिया मात्र दोन शतके सरहद्दीच्या लढायांच्या टप्प्यात राहिला.

अ‍ॅफ्रोडिसियसमध्ये लोक उरले, पण नगर उरले नाही. नाट्यगृहाच्या टेकडीभोवती भिंत घालून लहानसा किल्ला करण्यात आला. ईशान्य वेशीच्या दारावरच्या शिळेवर देवीच्या नावाची अक्षरे छिन्नीने काढून तिथे क्रुसाच्या नगराचे, म्हणजे स्टाव्रोपोलिसचे, नाव घातले गेले. या नावाचे बिशप पुढेही चर्चच्या परिषदांना हजर राहत, आणि मंदिराचे झालेले ते चर्च दहाव्या-अकराव्या शतकांत पुन्हा दुरुस्त करण्यात आले. लोकांच्या तोंडी मात्र दोन्ही नावे राहिली नाहीत. ते या जागेला प्रांताच्या नावाने कॅरियाच म्हणत राहिले आणि त्यातूनच गेयरे हे गावाचे नाव आले.